मागच्या सीटवरच्या ताई

“आता तोंडाला कुलूप. गाडी सुरू झाली की कुणी कुणाशी बोलायचं नाही,” मागच्या सीटवर मधोमध सरकत ताई म्हणाल्या आणि त्यांनी दार ओढून घेतलं. पुढे स्टिअरिंगवर हेडबाई, शेजारी ठिणगी. दोघांची तोंडं दोन दिशांना.

“गाडीला वाजायचं असेल तर वाजेल ना,” ठिणगी खिडकीकडे बघत पुटपुटला.

“बोलायचं नाही असं सांगितलंय,” हेडबाई म्हणाल्या. आयुष्यभर शाळा चालवून निवृत्त झालेल्या बाई त्या. निवृत्तीला चार वर्षं झाली होती, पण वर्गावरची नजर अजून उतरली नव्हती.

ठिणगी गप्प बसला. हेही नवलच म्हणायचं, कारण ठिणगीला गप्प बसवणं त्याच्या आईलाही जमलं नव्हतं. गाडीचं इंजिन त्याच्या हाताला जितकं ओळखायचं तितकीच त्याची जीभ गिऱ्हाइकाच्या नाकाला झोंबायची. म्हणून तर नाव ठिणगी. खरं नाव फक्त संघटनेच्या रजिस्टरात होतं आणि ते रजिस्टर ताईंच्या ताब्यात होतं.

ही संघटना म्हणजे शहरातल्या गॅरेजवाल्यांची. एकशे बारा सभासद. प्रत्येकाच्या दारावर संघटनेचा निळा बोर्ड, त्यावर पांढरं चाक आणि खाली नंबर. हा बोर्ड असला की विमा कंपन्या गाड्या पाठवतात, मोठमोठ्या ऑफिसांच्या गाड्या येतात, आणि नवखा माणूसही बिनधास्त किल्ली हातात ठेवून जातो. बोर्डाच्या बदल्यात एकच अट: गिऱ्हाइकानं तक्रार केली तर फेरीला यायचं.

फेरी ही या संघटनेची जुनी पद्धत. इतर ठिकाणी तक्रारी खोलीत बसून ऐकतात, इथे गाडीत बसून. तक्रार करणारा गाडी चालवणार, मेकॅनिक शेजारी, आणि संघटनेचं माणूस मागच्या सीटवर. रस्ता ठरलेला. ऑफिसच्या फाटकातून निघायचं, बाजारावरून पूल, पुलावरून दवाखान्याचा चढ, मग खडबडीत कालव्याचा रस्ता आणि परत. साडेसहा किलोमीटर. त्या वेळात जे ऐकू येईल, दिसेल, जाणवेल तेच खरं. मागच्या सीटवरच्या माणसानं परत आल्यावर कागदावर लिहायचं आणि त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही.

गेली सव्वीस वर्षं ते मागच्या सीटवरचं माणूस म्हणजे ताई. आल्या होत्या टायपिंगसाठी. त्या वेळच्या सेक्रेटरीला गाडी लागायची, तो दोन फेऱ्यांत आडवा पडला, आणि अध्यक्ष म्हणाले, “ताई, तेवढं बसून या.” ताई बसून आल्या त्या बसतच राहिल्या. हजारावर फेऱ्या झाल्या. स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, पण क्लच घसरतोय की चाक डगमगतंय हे त्यांना बसल्या जागी कळायचं. ताईंनी लिहिलं म्हणजे लिहिलं, असं गॅरेजवाले एकमेकांना सांगायचे, आणि ते ऐकून ताईंना आतून किती बरं वाटायचं हे त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नाही.

आजची फेरी मात्र त्यांना नकोशी झाली होती. नियम असा, की वर्षात तीन तक्रारी खऱ्या ठरल्या की बोर्ड सहा महिन्यांसाठी उतरतो. ठिणगीच्या नावावर दोन होत्या. एक उर्मट बोलल्याची, दुसरी गाडी अकरा दिवस उशिरा दिल्याची. ही तिसरी. आज आवाज ऐकू आला की ठिणगीचा बोर्ड गेला. आणि ठिणगी ताईंच्या फार जिव्हाळ्याचा. सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं असलं की न बोलावता गाडी घेऊन दारात उभा राहायचा, आणि वर त्यांच्याशीच भांडायचा.

हेडबाईंची तक्रार साधी होती. गाडी मागून टकटक वाजते. ठिणगीनं तीनदा गाडी घेतली, हे बदललं, ते बदललं, आवाज आहे तिथंच. ठिणगीचं म्हणणं, आवाज नाहीच. बाईंनी सांगितलं म्हणून बदललं, नाहीतर गाडी ठणठणीत आहे.

गाडी पुलावरून गेली. काही नाही. चढ चढली. काही नाही. कालव्याच्या रस्त्यावर खड्ड्यांनी ताईंचं हाड न् हाड खिळखिळं केलं, पण टकटक म्हणून नाही. हेडबाईंनी एक खड्डा मुद्दाम शोधून त्यात गाडी घातली. गाडी गुमान बाहेर आली.

“मी एकटी असते तेव्हा वाजते हो,” ऑफिसच्या आवारात गाडी थांबवून हेडबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “काल बाजारातून येताना सबंध रस्ता वाजत होती. मी काय खोटं बोलतेय?”

“छे छे,” ठिणगी दार उघडत म्हणाला, “माणसांसमोर लाजते ती. चांगल्या शाळेत शिकलेली दिसतेय.”

“ठिणगी!” ताई ओरडल्या.

“बरं बाबा, नाही बोलत. कागदावर काय ते लिहा तुम्ही,” असं म्हणून तो शिट्टी वाजवत रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीकडे गेला. त्याचा जीव भांड्यात पडला होता आणि ते त्याच्या चालीत दिसत होतं.

ताई उतरल्या. हेडबाईंनी काच वर केली, नमस्कार-चमत्कार काही न करता गाडी वळवली आणि फाटकाकडे निघाल्या. फाटकापाशी गटाराचं लोखंडी झाकण जरा वर आलंय. त्यावरून गाडीची मागची चाकं गेली.

टक-टक.

ताई जागच्या जागी उभ्या राहिल्या. गाडी रस्त्याला लागली होती. ठिणगी टपरीवर पाठमोरा उभा राहून कुणाला तरी हातवारे करत काहीतरी सांगत होता. आवारात दुसरं चिटपाखरू नव्हतं.

आवाज मागच्या उजव्या बाजूनं आला होता. अगदी स्पष्ट. ताई दहा पावलं आधी त्याच सीटवर बसल्या होत्या, त्याच झाकणावरून आत आल्या होत्या, आणि तेव्हा काही वाजलं नव्हतं.

वर ऑफिसात जाऊन त्यांनी तक्रारीचा कागद समोर ओढला. तारीख घातली, गाडीचा नंबर घातला आणि पेन टोपणात घालून ठेवलं. फेरीत ऐकू आलं तेच लिहायचं असा नियम. फेरीत ऐकू आलं नव्हतं. म्हणजे ‘आवाज आढळला नाही’ असं लिहिलं तर ते खोटंही नव्हतं. ठिणगीचा बोर्ड शाबूत राहत होता. कुणाला काही कळणार नव्हतं. मग पेन का उचलवत नव्हतं, देव जाणे.

जेवायला त्या घरी गेल्या. घर ऑफिसच्या मागे दोन गल्ल्या सोडून. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, दिवसभर खिडकीशी बसून असायच्या, आणि सून जेवायला आली की त्यांचं ठरलेलं: “आज कुणाची फेरी?” त्यांना हे सगळं रोजच्या मालिकेपेक्षा आवडायचं.

“ठिणगीची.”

“मग? वाचला का मेला?”

ताईंनी ताट वाढून घेतलं, घास केला आणि तसाच ठेवला. मग सांगून टाकलं सगळं. झाकण, टकटक, कागद.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. “म्हणजे तू बसलीस की गप्प, आणि तू उतरलीस की वाजली?”

“हो.”

“मग तूच दाबून ठेवत होतीस की तिला. पलंगाचं नाही का तसं होत? माणूस निजलं की कुरकुर बंद.”

ताईंनी ताट बाजूला सारलं. त्या सासूबाईंकडे बघतच राहिल्या. एवढी साधी गोष्ट! सव्वीस वर्षं मधोमध बसून त्या कान देऊन ऐकत होत्या, आणि त्यांच्याच भारानं मागचा भाग खाली बसून जे वाजायचं ते वाजेनासं होत होतं. आणि हे काही आज पहिल्यांदा झालं नसणार. ‘मागून आवाज येतो’ म्हणून आलेले किती चेहरे त्यांनी असेच परत पाठवले होते! कुणी चिडून गेलं होतं, कुणी ओशाळून. एक गृहस्थ तर जाताना त्यांचीच माफी मागून गेले होते, उगाच त्रास दिला म्हणून.

“आई, मी काय करून बसले हो?”

“आधी जेवून घे,” सासूबाई म्हणाल्या. “मग जा आणि काय ते निस्तर. उपाशी जाशील तर तिथं रडशील, आणि ठिणगीसमोर रडलीस तर तो वर्षभर बोलून दाखवेल.”

चार वाजता ताईंनी हेडबाईंना आणि ठिणगीला परत बोलावलं. ठिणगी तणतणतच आला. “आता काय? पास झालेल्या पोराला परत परीक्षेला बसवताय?”

“या वेळी मी गाडीत नाही,” ताई म्हणाल्या. “तुम्ही दोघंच जा. मी कालव्याच्या रस्त्यावर उभी राहते. आणि आवाज आहे, ठिणगी. मी सकाळी ऐकलाय. आधीच सांगून ठेवते.”

ठिणगीनं एकदा ताईंकडे, एकदा गाडीकडे बघितलं. त्याला गंमत वाटली नाही. “ताई, बोर्ड जाईल माझा.”

“माहीत आहे मला.”

“माहीत असून?”

“माहीत असून.”

तो गाडीत जाऊन बसला. ताई रिक्षानं कालव्याच्या रस्त्यावर गेल्या आणि कडेला उभ्या राहिल्या. दहा मिनिटांनी गाडी आली. लांबूनच ऐकू येत होती. टक-टक, टक, टक-टक. जवळून गेली तेव्हा हेडबाईंचा चेहरा असा फुलला होता की जणू त्यांच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागलाय, आणि शेजारी ठिणगी डोक्याला हात लावून बसला होता.

आवारात गाडी उभी राहिल्याबरोबर तो टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला. पाच मिनिटांनी बाहेर आला तेव्हा त्याच्या शर्टाची रया गेली होती आणि चेहऱ्याचीही.

“मागच्या शॉकअ‍ॅब्सॉर्बरचं रबर फाटलंय. अर्ध्या तासाचं काम.” मग एकदम कपाळावर हात मारून घेतला. “पेटी! माझी पेटी हो!”

“कसली पेटी?” हेडबाईंनी विचारलं.

“हत्यारांची. ट्रायल घ्यायला निघालो की मी पेटी मागच्या सीटवर टाकतो. वाटेत काही लागलं तर असावी म्हणून. चाळीस किलोची आहे. तीनदा ट्रायल घेतली बाई तुमच्या गाडीची, तीनही वेळा मागे पेटी. मला कुठून ऐकू येणार? आणि मी तुम्हाला म्हणालो, कान तपासून घ्या म्हणून.”

“म्हणाला होतात,” हेडबाई म्हणाल्या. “दोनदा.”

ठिणगीनं ताईंकडे वळून बघितलं आणि त्याही परिस्थितीत त्याला राहवलं नाही. “संघटनेत तुमचं वजन आहे हे ऐकून होतो ताई. आज बघितलंही.”

हेडबाई फस्सकन हसल्या. ताईही हसल्या, पण हसता हसता त्यांचे डोळे भरून आले आणि त्या पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेल्या.

सहा वाजता कमिटी बसली. अध्यक्ष म्हणजे स्पेअर पार्टच्या दुकानाचे मालक. मिटवून टाकणे हा त्यांचा आवडता शब्द. दोन्ही फेऱ्यांची हकीकत त्यांनी ऐकली, नियमांचं पुस्तक मागवलं, चष्मा पुसला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

“हे बघा, नियमात काय लिहिलंय? संघटनेचं माणूस मागच्या सीटवर पाहिजे. दुसऱ्या वेळी ताई रस्त्यावर होत्या. म्हणजे ती फेरी धरताच येत नाही. फेरी झाली एकच, सकाळची. तीत आवाज नाही. ठिणगी सुटला, हेडबाईंची गाडी तो दुरुस्त करून देतोच आहे, सगळ्यांचं समाधान. मिटवून टाकू.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. ठिणगीच्या शेजारच्या टायरवाल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. ताई उभ्या राहिल्या.

“तसं लिहून घ्यायचं असेल तर दुसऱ्या कुणी लिहा. माझ्या हातानं नाही होणार. त्या सीटवर मी बसते म्हणून आवाज दबतो, हे मला आज कळलं. आता माहीत असून मी काय लिहू?”

“ताई, तुम्ही मनाला लावून घेता,” अध्यक्ष अजिजीनं म्हणाले. “हे असं सभेच्या इतिवृत्तात लिहिलं तर सव्वीस वर्षांच्या फेऱ्यांचं काय? लोक विचारतील. तुमचंच नाव खराब होईल हो.”

“ते मी बघीन.”

मग खुर्ची सरकली. ठिणगी उठला होता. त्यानं आयुष्यात चूक कबूल केल्याचं त्या खोलीतल्या कुणालाच आठवत नव्हतं, त्यामुळे आता तो ताईंवरच घसरणार अशा तयारीनं सगळे बसले.

“मी गाडीत होतो ना?” तो म्हणाला. “आवाज होता. मी ऐकला. लिहा.”

“अरे, पण नियम...”

“साहेब, लिहा म्हणतोय ना! का मी पण खोटं बोलतोय?” एवढं म्हणून तो खाली बसला आणि कुणाकडेच न बघता बुटाची नाडी बांधत राहिला. नाडी मुळात सुटलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई ऑफिस उघडतात तोच तो हजर. बोर्ड काढायला संघटनेचा माणूस यायचा असतो, पण ठिणगीनं वाट बघितली नव्हती. पहाटे उठून त्यानं स्वतःच स्क्रू काढले होते, बोर्ड साबणानं धुतला होता आणि काखोटीला मारून आणला होता. तो त्यानं टेबलावर ठेवला. ताईंनी पोचपावती लिहिली, बोर्ड कपाटात आडवा ठेवला. दोघंही काहीबाही बोलत राहिले. हेडबाई म्हणे काल रबर बसवून होईस्तोवर गॅरेजमध्येच बसल्या होत्या, आणि भिंतीवरच्या पाटीतल्या शुद्धलेखनाच्या चार चुका दाखवून गेल्या.

मग ठिणगीची नजर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे जुन्या फाइलींची चळत होती.

“हे काय उकरून काढलंत?”

“एकोणीस आहेत. मागून आवाज येतो म्हणून आलेल्या. सगळ्यांना मी परत पाठवलं.” ताईंनी पदरानं वरच्या फाइलीवरची धूळ पुसली. “काल रात्रीपासून म्हणतेय फोन करीन. हात उचलवत नाही रे. काय सांगू त्यांना? आता कुठल्या गाड्या राहिल्यात?”

“माझी एक चूक झाली तर माझा बोर्ड उतरला,” ठिणगी म्हणाला. “तुमच्या एकोणीस. तुमचं काय उतरवायचं सांगा, स्क्रूड्रायव्हर आहे खिशात.”

“गप रे मेल्या,” ताई म्हणाल्या, पण त्यांनी फोन जवळ ओढला. ठिणगीनं खुर्ची घेतली, पहिली फाइल उघडली आणि नंबर वाचून दाखवला.

पहिला फोन एका बँकेतल्या निवृत्त कॅशियरनं घेतला. ताईंनी अडखळत का होईना, पण सगळं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी तुमच्या गाडीचा आवाज आम्हाला ऐकू आला नाही, पण तो असणारच, चूक आमची होती. मग तो गृहस्थ फोनवर हात न ठेवताच ओरडला, “अगं ए! इकडे ये आधी! आवाज होता म्हणे! संघटनेतून फोन आलाय!” त्यामागोमाग एका बाईंचा आवाज आला: “अहो, खरं सांगताय का तुम्ही? नऊ वर्षं मी यांना म्हणतेय की तुमचे कान वाजतात. आता हे मला जगू द्यायचे नाहीत हो!” ठिणगीला इतकं हसू आलं की त्याला ठसका लागला. ताईंच्या अंगातली निम्मी भीती पळाली.

“हं, पुढचा सांग,” त्या म्हणाल्या.

पुढचा नंबर ज्यांचा होता ते गृहस्थ म्हणजे तेच, जाताना ताईंची माफी मागून गेलेले. फोन एका म्हाताऱ्या बाईंनी उचलला.

“ते नाहीत हो. तीन वर्षं झाली जाऊन.”

“अरेरे. मला माहीत नव्हतं. माफ करा, ठेवते मी.”

“थांबा, थांबा. काम काय होतं?”

ताईंनी ठिणगीकडे बघितलं. त्यानं ‘सांगा’ अशी मान हलवली. मग ताईंनी सांगितलं. या वेळी अडखळल्या नाहीत, पण आवाज मात्र त्यांचा त्यांनाच परका वाटत होता.

“अगंबाई,” पलीकडून त्या म्हणाल्या. “गाडी विकली त्यांनी मग. फार मनाला लावून घेतलं होतं. सगळे हसायचे ना. मीसुद्धा हसायचे.” मग म्हणाल्या, “तुम्ही असं करता का? मुलगा, सून, नातवंडं, सगळी इथंच आहेत आज. फोन मोठ्या आवाजावर लावते. हे परत एकदा सांगाल? त्यांचं नाव घेऊन सांगा.”

“सांगते,” ताई म्हणाल्या.

पलीकडे हाका मारल्याचे, पावलांचे, कुणीतरी टीव्ही बंद केल्याचे आवाज आले. ताईंनी फाइल समोर धरली, पदर सारखा केला आणि खुर्ची मागे सारून त्या उभ्या राहिल्या. ठिणगीही उठून उभा राहिला. फाइलीतलं नाव ताईंनी पूर्ण वाचलं, वडिलांच्या नावासकट, आणि मग पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.